मोबाईलातला बाप

तान्ह्या बाळाला माणसाचा जिव्हाळा कसा लागतो, या विषयाचं सरकारी प्रशिक्षण मी पूर्ण केलेलं आहे. त्या दिवसांत माझं स्वतःचं तान्हं बाळ शिरूर अनंतपाळला सासऱ्यांच्या मांडीवर लोळत होतं, ही गोष्ट वेगळी!

त्याचं असं झालं. आमच्या मंडळी, म्हणजे सारिका, बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि मी नांदेडात शाळेवर राहिलो. मास्तर माणूस! आज सर्वेक्षण, उद्या निवडणुकीची ड्युटी, परवा ऑनलाइन माहिती भरा. (मधूनच शिकवायचंही असतं, पण त्याची एवढी सक्ती नाही.) त्यात नांदेडचा उन्हाळा, म्हणून मायलेकरांचा मुक्काम लांबला. मी बारशाला जाऊन आलो, पुढं एखाददुसऱ्या रविवारी डोकावलो. बाकी सगळा बापपणा व्हिडिओ कॉलवर. रोज संध्याकाळी मी फोनमधून "कुठंय माझा राजा?" म्हणायचो आणि बाळ्या बोळकं पसरून हसायचा. प्रशिक्षणात मी हात वर करून सांगितलंसुद्धा, "अंतर आडवं येत नाही, सर! माझंच उदाहरण घ्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उन्हाळा सरला तसा मी दोघांना आणायला गेलो. दारातच हात पसरले, "कुठंय माझा राजा?" राजानं मला न्याहाळलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि असा भोंगा पसरला की गोठ्यातली म्हैस दाव्याला हिसके द्यायला लागली.

"नवं माणूस हाय, भेलंय लेकरू," सासूबाई म्हणाल्या.

नवं माणूस! अहो, बाप आहे मी त्याचा!

"पर अवो, फोनवर तर कसा खिदळतो," सारिका म्हणाली. "तुम्ही जरा मागं गोठ्यात जाऊन फोन लावा बरं."

गेलो. जावई माणूस, कडक इस्त्रीची पँट, आणि शेणात उभा राहून "कुठंय माझा राजा?" करत राहिलो! आतून खदाखदा हसणं ऐकू आलं. पळत बाहेर आलो, तर भोंगा! परत गोठ्यात गेलो, तर हसू! शेवटी सासूबाईंनी निकाल दिला, "मोबाईलातले जावई लई ग्वाड हाईत बघा. लेकराला तेच पसंत हाईत."

सासरे ओसरीवर बसून मिशीतल्या मिशीत हसत होते. (सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात.) बाळ्या त्यांच्या बंडीत तोंड खुपसून गप्प झाला होता. "आमच्याबिगर ऱ्हातच न्हाई बगा त्यो, जावईबापू," मामा म्हणाले. आवाजात दुःख दाखवायचा प्रयत्न होता, पण जमला नाही.

सारिकानं मला आत घेतलं. "हे बघा, तुमच्या मांडीवर त्यो झोपला तर उद्या निघू. न्हाई तर आम्ही दिवाळीपर्यंत हितंच बरे. तिथं रडकं लेकरू घेऊन मी एकटी काय करू?"

दिवाळी! मेसचा डबा मी खाईन हो, त्याचं काही नाही. पण दिवाळीपर्यंत पोरगं रांगणार, धरून उभं राहणार, आणि मी ते सगळं हाताएवढ्या काचेत बघणार. खरं सांगतो, मला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं.

आणि ऐन वेळी प्रशिक्षण आठवलं! बाळाला आपलं माणूस वासानं कळतं, असं तिथं सांगितलं होतं. (ते जेवणाच्या सुट्टीआधी सांगितल्यामुळं लक्षात राहिलं.) आता मामांना वास कशाचा? तंबाखूचा! चंची कायम बंडीच्या खिशात. आणि मी कोण? आमच्या शाळेच्या तंबाखूमुक्ती समितीचा प्रमुख!

"मामा, तुमची बंडी देता का?"

"देतो की. पेटीत धुतलेली हाय."

"धुतलेली नको. अंगातलीच द्या."

मामांनी सासूबाईंकडं बघितलं, सासूबाईंनी वर आभाळाकडं. पण जावयाला नाही कसं म्हणणार? बंडी मिळाली. माझ्या अंगात ती बुजगावण्याला घातल्यासारखी दिसत होती, पण बाळ्यानं हुंगलं, माझ्या तोंडाकडं एकदा नाराजीनं बघितलं आणि झोपला. माझ्या मांडीवर! नाकात तंबाखू जाऊन शिंका दाटल्या, तरी मी हललो नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच अवतारात एसटीनं नांदेडला आलो. नातवाला बघायला गावाकडनं आलेल्या माझ्या आईनं भाकरतुकडा ओवाळायला हात वर केला आणि तिथंच थांबली.

"अगं माय! सासुरवाडीला जाऊन तमाखू शिकून आलास का रे?"

मी प्रशिक्षणासकट सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि सकाळी मी आंघोळीला गेलो तेव्हा बंडी सोड्याच्या गरम पाण्यात घातली. दोरीवर वाळताना ती इतकी पांढरी दिसत होती, की मामांनीही ओळखली नसती!

बाळ्यानं तर नाहीच ओळखली. दुपारपर्यंत अखंड भोंगा. आई हरली, शेजारी खिडक्या लावून बसले. सारिकानं पिशवी भरायला घेतली. "संध्याकाळच्या गाडीनं आम्ही माघारी."

"थांब! आलोच!" म्हणून मी चपला अडकवून पळालो, ते थेट पानटपरीवर. ही टपरी शाळेच्या फाटकापासून शंभर यार्ड पलीकडं मीच हटवायला लावली होती.

"काय सर, आनखी मागं सरकू का?" टपरीवाला म्हणाला.

"एक तंबाखूची पुडी द्या. हळू बोला."

"चुना?"

"नको. फक्त वासापुरती."

त्यानं पुडी माझ्या हातावर ठेवली. तेवढ्यात सारिकाचा व्हिडिओ कॉल. "कुठं गेलात? ह्याचं रडणं तरी बघा!" सवयीनं तोंडातून निघालंच, "कुठंय माझा राजा?" अख्ख्या रस्त्याला ऐकू गेलं. भोंगा बंद! बोळकं पसरलं! एका हातात फोन, दुसऱ्या हातात पुडी, मीही खदाखदा हसलो. मान वर केली, तर समोर मुख्याध्यापक!

"वासापुरती, सर," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मी पुडी फळीवर टाकून पळालो.

कॉल तोडला तर परत रडेल, म्हणून तसाच फोनमध्ये बोलत घरात शिरलो. बाळ्यानं फोनकडं बघितलं. मग दाराकडं. परत फोनकडं. दोन बाप! दोघंही राजा राजा करतायत! थोडा वेळ त्याचा काही हिशेब लागेना. मग त्यानं सारिकाच्या हातातला फोन बाजूला ढकलला आणि दोन्ही हात माझ्याकडं केले.

बंडी नाही, तंबाखू नाही, घामेजलेला शर्ट, आणि पोरगं माझ्या गळ्याशी. मी रडलो हो. लाज कशाची? सारिकानं पिशवी रिकामी करून खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत माझ्या टेबलावर एक पुडी ठेवली. "तुमची राहिली होती, सर." पोराला बाप ओळखायला सात महिने लागले, त्यांनी मला एका नजरेत ओळखलं! त्यांनी लगेच मला दुसऱ्या प्रशिक्षणाला पाठवलंय. विषय व्यसनमुक्ती. आणि नाव घातलंय लाभार्थ्यांच्या रांगेत!