नानांचे तहकूब आनंद

कोर्टाच्या दप्तरखान्यात निकाली कागद किती वर्षं ठेवायचे याला नियम असतो. मुदत संपली की ते फाडतात आणि फळ्या मोकळ्या होतात. किश्श्यांना असा नियम नाही. ते एकावर एक चढत जातात. माझ्या डोक्यात जागा मुळात कमी, त्यामुळे तळाचा एखादा ओढायला जावं तर वरचे चार अंगावर पडतात.

आज पडलेत ते रत्नागिरीच्या कोर्टातले आहेत. एकोणीसशे वीस सालापासून पुढच्या पंधरा-सोळा वर्षांतले. मी तिथं भाषांतरकार होतो. एम. ए. झालेला मी एकटाच, म्हणून सगळे मला 'एम्ये' म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सांगताना क्रम चुकेल, याचं बोलणं त्याच्या तोंडी जाईल, अशी धास्ती आहेच. पण हरकत घ्यायला आता कोणी उरलेलं नाही.

आमचे नाना शिरस्तेदार, कारकुनांतले सगळ्यांत वरचे. रोजनामा त्यांच्या हातचा. कोणता खटला चालला आणि कोणता पुढे ढकलला, हे रोज तेच लिहीत. 'तहकूब' हा शब्द तर इतका देखणा काढीत की पुढची तारीख मिळालेल्या पक्षकारालाही फारसं वाईट वाटत नसे. तीस वर्षं रोज दहा-पंधरा वेळा एकच शब्द लिहिला की तो हातातून अंगात उतरत असावा. आनंदाची कुठलीही गोष्ट समोर आली की नाना म्हणत, "पेन्शनीनंतर बघू."

यात सगळ्यात जुनं प्रकरण त्यांच्या घरचं होतं. लग्न होऊन रत्नागिरीत आल्यावर वहिनींनी एकच मागणं मागितलं होतं. मांडवीच्या बंदरावर दोघांनी बसायचं आणि सूर्य बुडताना बघायचा. घरापासून बंदर पंधरा मिनिटांवर. नाना म्हणाले, "पेन्शनीनंतर बघू." तेव्हा पेन्शनीला एकोणतीस वर्षं बाकी होती.

* * *

आमचे नाजर दाजी, म्हणजे बेलिफांचे वरिष्ठ. स्वतःची हापूसची बाग. मोसमातला पहिला पिकलेला आंबा ते दरवर्षी कोर्टात आणीत आणि नानांच्या टेबलावर ठेवीत.

एके वर्षी नानांनी तो आंबा हातात घेतला, देठाशी हुंगला, डोळे मिटले. आम्हांला वाटलं, आता खातील.

"आत्ता नको," नाना म्हणाले. "असा आंबा घाईत खायचा नसतो. संध्याकाळी निवांत."

संध्याकाळी टपाल आलं. दुसऱ्या दिवशी एकादशी. मग जज्जसाहेबांची तपासणी. आंबा टेबलाच्या खणात. पाचव्या दिवशी खण उघडला तेव्हा अख्ख्या कचेरीला कळलं.

दाजींनी आंबा कागदात गुंडाळला, बाहेर नेऊन टाकला आणि परत येऊन अदबीनं म्हणाले, "नाना, आंबा मुदतबाह्य झाला."

* * *

माझा छंद शब्दांचा. कोणता शब्द कुठल्या गावी कसा बोलतात, हे मी एका वहीत उतरून घेई. या छंदानं मला आनंद पुष्कळ दिला, पण पोटापाण्याच्या कामी तो आडवा आला.

नाटे गावचा एक खलाशी साक्षीला उभा होता. साहेब नवे, त्यांना मराठी येत नव्हतं. वकिलांनी विचारलं, "हा माड तुझ्या चुलत्याचाच ना?"

खलाशानं वर कौलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आता आपल्याकडे 'हं' म्हणजे हो असतं, बघू असतं, 'तू मला शिकवू नकोस' असंही असतं. मी परवानगी घेऊन त्याला पुन्हा बोलायला सांगितलं. तो पुन्हा "हं" म्हणाला, पण सूर वेगळा.

"काय म्हणतो तो?" साहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, "साहेब, पहिल्यांदा म्हणाला ते मला कळलं होतं. दुसऱ्यांदा म्हटल्यामुळे आता दोन्ही कळत नाहीत."

मधल्या सुट्टीत नाना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "एम्ये, बी. ए. वर थांबला असतात तर 'हो' सांगून मोकळे झाला असतात."

* * *

शिवराम बेलीफ हा आमच्यातला खरा सुखी माणूस. पक्षकारांच्या नावानं पुकारा करायचं काम त्याचं. तीनदा पुकारा होईपर्यंत हजर झालं नाही तर एकतर्फी निकाल. शिवरामचा आवाज असा की दुसऱ्या गल्लीतला माणूसही दचकून आपण पक्षकार आहोत की काय ते आठवून बघे. कोर्टाबाहेर त्याचा जीव शिमग्याच्या खेळ्यांत. एका वर्षी गावानं त्याला रावणाचं सोंग दिलं. आम्ही मुद्दाम बघायला गेलो.

दहा तोंडं लावून शिवराम थयथयाट करत आला. आता डरकाळी फोडायची होती. समोर एवढा जमाव बघून त्याला काय झालं कोण जाणे. छाती भरून घेतली आणि ओरडला, "राम वल्द दशरथ, राहणार अयोध्या, हाजीर हाय?"

राम झालेला गडी महिन्यापूर्वीच एका दाव्यात साक्ष देऊन गेला होता. त्यानं धनुष्य खाली ठेवलं, हात जोडले आणि म्हणाला, "हजर हाय, साहेब."

* * *

नानांच्या पेन्शनीला वर्ष उरलं तेव्हा दाजींना काळजी वाटू लागली. "हा माणूस घरी बसून करणार काय?" ते मला म्हणाले. "याला आत्ताच एखादा छंद लावला पाहिजे."

पहिला प्रयोग बाजाच्या पेटीचा. दाजींनी आपल्या मेहुण्याची जुनी पेटी आणून दिली. नाना शिस्तीचे. 'सा' पक्का झाल्याशिवाय पुढं जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. रोज सकाळी पाऊण तास एकच सूर.

तिसऱ्या आठवड्यात शेजारचे वकील कुंपणाशी येऊन उभे राहिले. "नाना, राग मानू नका, एक विचारायचं होतं."

"विचारा की."

"'रे' ची तारीख कधीची आहे?"

पेटी त्याच दिवशी मेहुण्याकडे परत गेली.

* * *

मग शिवरामनं मनावर घेतलं. त्यानं नानांना गरी आणून दिली आणि खाडीवर कुठं बसायचं ते दाखवलं. नानांच्या घरात मासा शिजत नाही, हे त्याच्या ध्यानात मागाहून आलं.

"नानानू," त्यानं विचारलं, "म्हावरा गावला तर तुमी करनार काय त्याचा?"

नाना पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, "जातमुचलक्यावर सोडणार."

गरीचा नाद मात्र त्यांना लागला. तो नाद होता की नुसतं वाट बघत बसायची सवय होती, हे मी सांगू शकत नाही.

* * *

साहेबांचाही नानांवर जीव. त्यांनी नानांना सक्तीनं पंधरा दिवस रजेवर पाठवलं. पेन्शनीची रंगीत तालीम, असं दाजी म्हणाले.

रजेच्या पहिल्या दिवशी अकराच्या ठोक्याला बघतो तो नाना बाहेरच्या आंब्याखाली, साक्षीदारांच्या बाकावर. डोक्याला पगडी, काखेत छत्री. शेजारी चिपळूणचा एक व्यापारी आणि दोन कुळं.

"नाना, इथं का बसलात?" मी म्हणालो. "आत या."

"आत कसा येऊ? रजेवर आहे."

"मग घरी जा."

"घरी काय करू?"

तेवढ्यात शिवराम बाहेर आला. त्यानं नानांना पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "साक्ष कोनच्या बाजूनं?"

"ते अजून ठरायचंय," नाना म्हणाले. "पुकारा झाला की येईन."

पंधराही दिवस ते त्या बाकावर होते. चिपळूणच्या व्यापाऱ्याचा दावा तहकूब झाला तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, नाना म्हणाले, "फार वाईट वाटतं हो बाहेर बसून ऐकताना."

* * *

आता शेवटचं. यातलं पाप थोडं माझंही आहे.

पेन्शनीला दोन आठवडे उरले आणि साहेबांनी नानांना चिठ्ठी दिली. हवी असेल तर दोन वर्षांची मुदतवाढ मिळेल, शनिवारपर्यंत कळवा. नानांनी चिठ्ठी वाचली, घडी केली, कोटाच्या खिशात ठेवली. हो नाही, ना नाही.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. नाना देवळात. वहिनींनी चहा पुढं केला. काही तरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "मुदतवाढीबद्दल अभिनंदन करावं की करू नये, ते मला समजत नाही."

वहिनींच्या हातातली बशी तशीच राहिली. "कसली मुदतवाढ?"

मी चहा एका घोटात संपवला. तोंड भाजलं. पण सांगितल्यावाचून सुटका नव्हती.

वहिनींनी बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "भावजी, समोर दौत-टाक आहे. मी सांगत्ये ते लिहा."

मी लिहायला बसलो आणि दुसऱ्याच ओळीला माझ्या लक्षात आलं की हे समन्स आहे. सरकारी कागदाची नक्कल केली म्हणून माझ्यावरच काही यायचं! म्हणून मी वर ठळक अक्षरांत 'घरगुती' असं लिहून घेतलं. वहिनी हसल्या नाहीत.

मजकूर असा होता. दावा, एक संध्याकाळ. प्रतिवादीनं शनिवारी सूर्यास्ताला मांडवी बंदरावर जातीनिशी हजर राहावं. कसूर केल्यास एकतर्फी निकाल होईल.

"वहिनी," मी भीत भीत विचारलं, "यात एकतर्फी निकाल म्हणजे काय?"

"म्हणजे मी एकटी जात्ये, एकटी बसत्ये, नि एकटीच बघत्ये," त्या म्हणाल्या. "पुन्हा विचारायची नाही."

दुसऱ्या दिवशी शिवरामनं तो कागद भर कचेरीत, रीतसर, नानांच्या हाती दिला. नानांनी चष्मा लावला. पुढून वाचला, उलटून पाहिला.

"शिक्का नाही यावर."

"हाय तर," शिवराम म्हणाला. "खाली बघा. वैनीनी कुंकवाचं बोट लावलान."

नानांनी ते बोट पाहिलं. टाक उचलला, 'पोचलं' म्हणून सही केली आणि कागद खिशात ठेवला. साहेबांची चिठ्ठी होती त्याच खिशात.

शनिवारी कोर्ट दुपारी सुटलं. नाना साहेबांच्या खोलीत गेले, दोन मिनिटांत बाहेर आले आणि कोणाशी न बोलता छत्री घेऊन निघाले. घरी गेले नाहीत. देवळात नव्हते. दाजी खाडीवर बघून आले, तिथंही नव्हते. हा सगळा घोळ मी त्या चहापायी केला होता.

संध्याकाळी दाजी आणि मी मांडवीला गेलो आणि ओढून ठेवलेल्या होड्यांच्या आडोशाला उभे राहिलो. वहिनी धक्क्याच्या कडेला बसल्या होत्या, नऊवारी ठेवणीतलं, मांडीवर चण्यांची पुडी. शिवराम दहा पावलांवर, पट्टा-बिल्ला लावून. सूर्य पाण्यापासून चार बोटं वर. मग दोन बोटं. नानांचा पत्ता नाही.

सूर्याची कड पाण्याला लागली. वहिनींनी मागं न बघता नुसती मान हलवली.

शिवरामनं पुकारा केला. बंदरावरची माणसं उभी राहिली. दुसरा पुकारा केला. एक हमाल चुकून "हजर" म्हणाला आणि ओशाळला.

शिवरामनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेवढ्यात वाळत टाकलेल्या जाळ्यांच्या पलीकडे एक पगडी वर आली.

"हजर," नाना म्हणाले.

ते छत्री टेकत आले आणि वहिनींच्या शेजारी बसले. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

"कधी आलात?" वहिनींनी विचारलं.

"दोन वाजल्यापासून आहे."

"मग इथं येऊन बसायचं नाही?"

"पुकारा झाला नव्हता."

वहिनींनी चण्यांची पुडी मधल्या जागेत ठेवली. सूर्य अर्धा गेला होता. "आणि साहेबांना काय कळवलंत? त्या मुदतवाढीचं?"

"तहकूब."

दाजींनी माझं मनगट धरलं. वहिनींचा आवाज एकदम बारीक झाला. "म्हणजे?"

नानांनी पुडीतला एक चणा उचलून तोंडात टाकला. "म्हटलं, पेन्शनीनंतर बघू."

वहिनींनी समुद्राकडे पाहिलं. उरलेला सूर्य पुरता बुडेपर्यंत बघितला. मग म्हणाल्या, "हं."

दाजी माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "एम्ये, करा याचं भाषांतर."