हलव्याचे दात

आमच्या घरी एक्स-रे टाकून देत नाहीत. बाबांचं मनगट मोडलं त्याला बरीच वर्षं झाली, मनगट केव्हाच बरं झालं, पण त्याची ती काळी फिल्म कपाटावर लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली जपून ठेवलेली होती. मी त्यातली दोन बोटं कापून कानातले केले. उजेडाकडे मान वळवली की दोन्ही कानांत बाबांच्या बोटांची हाडं लख्ख दिसायची. लातूरच्या वसतिगृहात, जिथे राहून मी शिकत होते, त्या कानातल्यांचं फार कौतुक झालं. नांदेडला घरी आल्यावर बाबांनी ते बघितले आणि एवढंच म्हणाले, "जिवंतपणीच वाटण्या करायलीस काय माझ्या?"

भुताखेतांचं वेड मला लहानपणापासून. मोबाईलवर परदेशातल्या मुली वटवाघळाच्या पंखांचे झगे आणि कवट्यांच्या माळा घालून हिंडताना दिसायच्या, आणि त्या वस्तूंच्या किमती बघितल्या की मला खरी भीती वाटायची. मग ठरवलं, आपलं आपणच करायचं, तेही घरात जे सापडेल त्यातून. मोडक्या छत्रीचं कापड उसवलं की वटवाघळाच्या बाह्या आयत्या मिळतात. छत्री मोडकी नव्हती, हे आईला पावसाळ्यात कळलं. फाटकी मच्छरदाणी चहाच्या पाण्यात उकळली की शंभर वर्षं विहिरीत पडल्यासारखा पदर तयार होतो. कुंकवात खोबरेल तेल कालवलं की रक्त. कणकेच्या कवट्या मी गच्चीवर वाळत घातल्या, त्यांतल्या दोन उंदराने नेल्या आणि बाकीच्या कुरतडल्या. कुरतडलेल्या जास्त चांगल्या दिसत होत्या, म्हणून मी उंदराला काही बोलले नाही.

सगळ्यात गाजली ती उलट्या पायांची चप्पल. हडळीचे पाय उलटे असतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी जुन्या चपलेच्या तळाला दुसरी चप्पल उलटी चिकटवली, टाच पुढे आणि बोटं मागे. ती घालून सकाळी अंगणातल्या ओल्या मातीतून दुकानात गेले आणि मैत्रिणीकडे रेंगाळले. पावलं अर्थातच उलटी उमटली. बाबा उठून बाहेर आले तर फाटकापासून दारापर्यंत कुणीतरी आत आल्याच्या खुणा, आणि परत गेल्याची एकही नाही. मी आले तेव्हा ते हातात काठी घेऊन पलंगाखाली वाकले होते आणि आई पिठाच्या डब्यामागे बघत होती. पिठाच्या डब्यामागे माणूस मावत नाही, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. आईने चप्पल बघितली आणि म्हणाली, "पुन्हा माझ्या मशीनीला नाहीतर सामानाला हात लावलास तर बघ."

मशीन हा आमच्या घरातला गंभीर विषय. आई घरीच ब्लाउज शिवते. तिच्या हाताला गल्लीत नाव होतं, पण त्या वर्षी कोपऱ्यावर काचेच्या दाराचं नवं बुटीक निघालं आणि गल्लीतल्या बायका हळूहळू तिकडे वळल्या. दुपारी मशीन गप्प असायची, आणि मशीन गप्प असली की आईही. अशात आमच्यापासून चौथ्या घरातल्या काकूंनी आईला काम दिलं. त्यांच्या सुनेची पहिली संक्रांत होती. काळ्या साडीवरचा ब्लाउज आणि हलव्याचे दागिने, दोन्ही आईने करायचं. आमच्या गल्लीत कुणाचं शिवण चांगलं आणि कुणाचं लोणचं खारट, हे या काकू ठरवायच्या. "एवढं एक काम नीट झालं की गल्ली परत येती आपल्याकडं," आई बाबांना म्हणाली. तेच तिने भाजी निवडताना पुन्हा म्हटलं, तेव्हा मला कळलं की ती घाबरली आहे.

मी संक्रांतीला घरी आले होते आणि पुढच्या आठवड्यात आमच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं. वेशभूषा स्पर्धेत मी होणार होते विहिरीत जीव दिलेली नवरी. आई रोज काटेरी हलवा दोऱ्यात ओवत बसायची. मंगळसूत्र, बांगड्या, नथ, मुकुट. तो पांढरा, टोकदार हलवा बघून मला एकच दिसायचं, आणि ते म्हणजे दात. दुधाचे, कुणाच्यातरी तोंडातून ताजे पडलेले. उरलेला हलवा मी हळूच उचलला आणि माझाही संच केला. दातांची दुहेरी माळ, हाडांच्या आकाराच्या बांगड्या, नथीवर तारेचा कोळी, आणि मुकुटाच्या मधोमध कणकेची कुरतडलेली कवटी. मुंग्यांनी ते शोधू नये म्हणून साडीच्या खोक्यात भरलं, झाकण चिकटपट्टीने बंद केलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नवरी'.

आईचा संचही साडीच्याच खोक्यात होता. आमच्याकडे सगळंच साडीच्या खोक्यात असतं. फक्त तिच्या खोक्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी काकू स्वतः दागिने न्यायला आल्या. आई मशीनीवर बसून ब्लाउजला शेवटचा हुक लावत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "त्या टेबलावरचं खोकं घ्या अक्का, 'नवरी' लिहिलंय बघा." पोरीने आपणहून नाव घालून ठेवलं, याचं तिला त्या क्षणी बरंही वाटलं असणार.

संध्याकाळी टेबलावर उरलेलं खोकं मी उघडलं तर त्यात गोंडस मंगळसूत्र आणि पाकळ्यांची फुलं होती. मी खोकं आईपुढे धरलं. ती नवी साडी नेसून, केसांत गजरा माळून निघायच्या तयारीत होती. तिने आत बघितलं, मग माझ्याकडे, आणि पलंगावर बसली. मला वाटलं, आता रडते. ती उठली, खोकं पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "चल."

काकूंच्या बैठकीत गल्लीतल्या सगळ्या बायका होत्या. मधोमध पाटावर सून बसली होती, धर्माबादकडची, जेमतेम बोलणारी मुलगी. लग्न होऊन सहा महिने झाले तरी तिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता. काळी साडी, गळ्यात माझी दातांची माळ, नाकावर कोळी, कपाळावर कवटी. आणि बायका एकेक करून येत होत्या, तिला हळदकुंकू लावत होत्या, वाण घेत होत्या, अगदी गंभीर चेहऱ्याने. एका आजींनी सुनेला कुंकू लावलं, थोडा विचार केला आणि कवटीलाही लावलं.

कुणीतरी काकूंना हळूच विचारलं, "हे काय असतंय?"

"तिकडं असतंय तसं," काकू म्हणाल्या. "तेलंगणाच्या कडंला लई कडक रिवाज असतेत."

मला आत हसू फुटत होतं, म्हणून मी आईच्या पाठीआड सरकले. एवढ्यात काकूंचं लक्ष आईकडे गेलं. "ताई, हिच्या माहेरच्यांनी सांगितलं होतं का तुम्हाला असं करा म्हणून?"

नुसतं 'हाव' म्हणायचं होतं. काकूंनी सुटका आयती ताटात वाढली होती. मी मनातल्या मनात आईला म्हणत होते, हो म्हण, हो म्हण. आईने पदराखालचं खोकं काढून समोर ठेवलं. "न्हाई अक्का. खोकी बदलली. तुमचं हे हाय."

"मग हे कुणी केलं?"

"मीच," आई म्हणाली.

संक्रांतीला नव्या नवरीच्या अंगावर हाडं चढवणारी बाई, हे गल्लीभर होणार होतं, आणि ते ती स्वतःच्या नावावर घेत होती. मला ते सहन झालं नाही. "मी केलंय काकू," मी म्हणाले. आईने मला कोपराने ढोसलं, पण आता उशीर झाला होता.

पाटावरच्या सुनेने मान वर केली. "म्हणजे हे तुमच्यातलं न्हाई?"

"आमच्यातलं?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं तुमच्यातलं."

"म्या म्हणलं आत्याबाईंनी दिलंय, तर घालावं."

"मग मला इचारायचं न्हाई का?"

"तुम्ही तरी कुठं इचारलं?"

सून आपण काय बोललो या धास्तीने सासूकडे बघत होती. मग तिच्या नाकावरचा कोळी थरथरायला लागला. ती हसत होती, आधी दाबून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काकू तिच्याजवळ गेल्या, माळेतला एक दात तोडला आणि तोंडात टाकला. "हलवा चांगला हाय," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनाही आवरेना. सगळ्या हसल्यावर त्यांनी सुनेच्या ब्लाउजचा खांदा चिमटीत धरून बघितला. "पाठीत कसा बसलाय बघा. ताई, पुतणीच्या लग्नाचे समदे ब्लाउज तुमच्याकडंच टाकते."

येताना आई माझ्या पुढे चालत होती. शेवटी मीच विचारलं, "तू केलं असं का म्हणालीस?"

"तुझं लग्न व्हायचंय अजून," ती म्हणाली. "माझं होऊन गेलंय."

घरी आल्यावर तिने गजरा काढला, मशीनीवरचं कापड सारखं केलं आणि दिव्याखाली हात पुढे केला. काकूंनी माझे दागिने परत दिले होते. तिने नथीवरचा तारेचा कोळी बोटावर घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"कोळ्याला आठ पाय असतेत," ती म्हणाली. "तू सहाच लावलेस. चारचौघींत मी माझ्या हातचं म्हणून सांगितलं, अन् कुणी मोजले असते तर?"

त्या सबंध दिवसात मला खरी लाज वाटली ती तेव्हा.