खेकड्याचं निळं रक्त आणि हिरावहिनीची लाल गोळी

सकाळी सातची पेठ गाडी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सुटली तेव्हा माझ्या मांडीवर एक रिकामा प्लास्टिकचा डबा होता, झाकणाला भोकं पाडलेला. शेजारच्या मावशींनी पेठ नाक्यापर्यंत कसाबसा धीर धरला आणि मग विचारलंच.

"काय नेते गं यात?"

"नेत नाहीये मावशी, आणणारे. खेकडा."

"खेकड्याला डबा? पिशवीत आणायचा की. आणि भोकं कशाला, मसाला आत जायला?"

मागच्या सीटवरून मंगल फस्सकन हसली. मंगल म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण, आम्ही दोघी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. मी इंदिरानगरची, ती पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरची (पाडा म्हणजे डोंगरातली छोटी वस्ती), आणि हा सगळा प्रवास तिच्या घरी चालला होता. कारण मला खेकड्याचं रक्त बघायचं होतं!

ऐका ना, हे भारी आहे. आपलं रक्त लाल, कारण त्यात हिमोग्लोबिन, आणि हिमोग्लोबिनमध्ये लोखंड. फुप्फुसातला ऑक्सिजन ते पकडतं आणि अंगभर पोचवतं. पण खेकड्याकडे हिमोग्लोबिन नसतंच. त्याच्याकडे हिमोसायनिन नावाचं वेगळंच प्रोटीन असतं आणि त्यात लोखंडाऐवजी तांबं. अंगातून काढलं तेव्हा जवळजवळ पाण्यासारखं दिसणारं त्याचं रक्त हवा लागली की निळं होतं. विंचवाचं तसंच, कोळ्याचं तसंच, बऱ्याचशा गोगलगायींचंही. गांडुळाचं मात्र लाल! त्याच्याकडे हिमोग्लोबिन असतं, पण आपल्यासारखं पेशींमध्ये भरलेलं नाही, थेट रक्तात विरघळलेलं. आणि झुरळाला यातलं काहीच लागत नाही, त्याच्या अंगात हवेच्या नळ्याच असतात. हे सगळं मी पुस्तकात शंभरदा वाचलंय, परीक्षेत लिहिलंय, मार्क घेतलेत. डोळ्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. प्रोजेक्टसाठी मला निळं होताना व्हिडिओ हवा होता.

हे सगळं मी त्या मावशींना रामशेज किल्ला दिसायला लागेपर्यंत सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं," आणि झोपल्या.

गणपती उठून आठवडा झाला होता. सावळघाटात ढग खिडकीतून आत येत होते आणि कंडक्टर त्यांनाही तिकीट मागेल असं वाटत होतं. घाटाच्या उतारावर सगळीकडे तेरड्याची जांभळी फुलं. पेठला उतरून गरम भजी खाल्ली आणि काळी-पिवळी जीप धरली. आत सोळा माणसं, टपावर दोन पत्रे, आणि माझा डबा कुणाच्या तरी कोंबडीच्या खाली. शेवटचा अर्धा तास पायी. वाटेच्या दोन्ही बाजूंना नागली (नाचणी) कमरेएवढी उभी, कणसं मूठ मिटल्यासारखी. मी दोनदा घसरले. दुसऱ्यांदा मंगलने हातही दिला नाही, फोटो काढला.

घरी तिची आई आणि वहिनी होत्या. भाऊ दिंडोरीला द्राक्षबागेत छाटणीला गेलेला. मावशी (मी मंगलच्या आईला मावशीच म्हणते) उंच, काटक, बोलण्यात धार. हिरावहिनी माझ्यापेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठी, सातवा महिना, आणि चेहरा असा फिकट की मला आधी वाटलं पावडर लावलीये. उठून दोन पावलं चालली तरी धाप. आल्या आल्या तिने आम्हाला कोरा चहा दिला, काळाकुट्ट, गूळ घातलेला. स्वतःही एक मोठा पेला घेऊन बसली.

मग मंगलने हळूच सांगितलं. मागच्या तपासणीला वहिनीचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, साडेसातच भरलं होतं; हवं अकरा. आता तीन आठवड्यांनी परत तपासणी. तेव्हा वाढलं नाही तर बाळंतपण पेठला करणार नाहीत, नाशिकला पाठवणार, रक्त चढवावं लागलं तर सोय हवी म्हणून.

"नाशिकला कोण हाय माझं?" वहिनी चुलीकडे बघत म्हणाली. "पेठला माझी आई रोज येऊन बसंल. तिकडं मी कुणाचं तोंड बघू?"

"वाढतंय गं," मावशी म्हणाल्या. "मी रोज खेकड्याचं सार देते. खेकडा लय रक्त वाढवतो."

आणि माझे कान टवकारले.

दुपारी मावशींबरोबर ओहोळावर गेलो. मी मोठे बूट घालून काठावर, त्या साडीचा काष्टा मारून गुडघाभर पाण्यात. दगडाखाली हात घालायचा, क्षणभर थांबायचं आणि बाहेर काढायचा तो खेकड्यासकट! पाठीकडून दोन बोटांत असा धरलेला की नांग्या हवेतच फिरत राहायच्या. पकडला की आधी उलटा करून पोट बघायचं. एकीच्या पोटाच्या घडीत डाळीएवढी पिल्लं वळवळत होती. मावशींनी तिला अलगद त्याच दगडाखाली सरकवलं.

"तिला नाय घ्यायचं. तिचं घर भरलंय." मग माझ्याकडे बघून, "तू काय काठावर देव बसवल्यासारखी? धर एक."

मी धरला. चुकीच्या बाजूने. माझी किंकाळी गुजरातेत ऐकू गेली असेल.

संध्याकाळच्या आधी उजेड होता तोवर ओट्यावर माझा प्रयोग. स्टीलच्या ताटलीत रंग नीट दिसणार नाही म्हणून मावशींकडून पांढरी बशी मागून घेतली. बारीक सुईची सिरिंज, खेकड्याच्या पायाचा सांधा, हळूच ओढलं. बशीत पाच-सहा थेंब पडले. ढगाळ पाणी नुसतं. शेजारच्या दोन बायका पण येऊन उभ्या.

"हे रक्त?" एक म्हणाली. "हे तर पाणी हाय."

"थांबा ना!"

थांबलो. एक मिनिट, दोन मिनिटं. आणि मग कडेकडेने, हळूहळू, तो थेंब निळसर व्हायला लागला. पांढऱ्या कपड्यांना निळीच्या पाण्यातून काढतात ना, त्या पाण्याचा रंग. मी अक्षरशः नाचले! दुपारी खेकड्याने धरलेल्या माझ्या बोटाची जखम परत उघडून एक लाल थेंब बशीत पडला, तर निळ्याशेजारी लाल, तांब्याशेजारी लोखंड, एकाच बशीत. व्हिडिओत माझाच ओरडण्याचा आवाज आहे.

"नीळ टाकली हिनं," मावशी म्हणाल्या. "सुईत होती."

"नाही हो मावशी!" परत सिरिंज दाखवली, परत थेंब काढले. परत निळे. आता सगळे गप्प. आणि गप्प बसलेली माणसं दिसली की मला बोलायचं सुचतं, ही माझी जुनी खोड. मी सांगायला लागले. खेकड्याच्या रक्तात लोखंड नसतंच, तांबं असतं. आपल्या रक्ताला लोखंड लागतं. म्हणजे खेकडा खाऊन माणसाचं रक्त वाढतं हे काही खरं नाही. हे बघा ना, हे रक्त आपल्यासारखं आहे का तरी?

एवढं बोलून मी मान वर केली. हिरावहिनी दारात उभी होती. तिची नजर बशीवर.

रात्रीच्या जेवणाला मावशींनी सार वाढलं. खेकड्याचे पाय कुटून, फडक्यातून रस गाळून, लसूण-मिरची घालून केलेलं. आमच्या घरी मासेसुद्धा येत नाहीत, त्यामुळे मला भाकरी आणि मिरचीचा ठेचा. वहिनीने वाटी हाताने बाजूला सारली.

"नको मला. निळं हाय ते. पोरात जायचं माझ्या."

"अगं, शिजल्यावर काही नसतं—" मी.

"तूच म्हणलीस ना, आपलं नाय ते रक्त."

तिने अर्धी भाकरी कुस्करली आणि उठली. मावशींनी ती वाटी झाकून ठेवली. मग मंगलला म्हणाल्या, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "दोन महिने ती काय खात नीही (नाही). हेच एक मागून मागून खायची. आता हे पण गेलं."

मला वाटलं, जमिनीने मला गिळावं. अगदी डब्यासकट.

सकाळी उठून मी रेंजच्या दगडावर गेले. पाड्यावर नेटवर्क एकाच ठिकाणी येतं, पाण्याच्या टाकीमागच्या एका मोठ्या कातळावर, तेही डाव्या कोपऱ्यात उभं राहिलं तर. आमच्या मॅडमना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"प्रयोग छान केलास," मॅडम म्हणाल्या. "भाषण वाईट केलंस. खेकड्याच्या रक्तात लोखंड नाही म्हणजे खेकड्यात काहीच नाही असं कुणी सांगितलं तुला? मांस आहे, प्रोटीन आहे, थोडंफार लोखंडही असतं. आणि तांबं काय वाया जातं का? शरीरात लोखंडाची ने-आण करायला तांबं लागतं. दुसऱ्या वर्षाला शिकवलंय मी."

"हो मॅडम."

"एकट्या साराने साडेसातचं पुरेसं वाढणार नाही, हे मात्र खरं. गोळ्या घेते का ती? लोहाच्या?"

"घेते बहुतेक."

"बहुतेक? कशाबरोबर घेते? कधी घेते? तू पूर्ण दिवस तिथे आहेस, बशीत थेंब मोजलेस आणि हे विचारलं नाहीस?"

नव्हतं विचारलं. धावत खाली आले. दोनदा घसरले, यावेळी फोटो काढायला कुणी नव्हतं.

हिरावहिनी चुलीपाशीच बसलेली. मी काही विचारायच्या आतच तिने फळीवरून लाल गोळी काढली, तोंडात टाकली आणि वर काळ्या चहाचे चार मोठे घोट.

"वहिनी! रोज अशीच घेतेस?"

"मग? पाण्यानं घेतली की गंजलेला खिळा चाटल्यासारखं लागतं. उलटी होते. चहानं खाली जाते."

"मीच दिली सवय," मावशी म्हणाल्या. "गोळ्या देते ती आशाताई जेवणानंतर घे म्हणाली होती, पण टाकून द्यायची ही. चहानं निदान एकही गोळी चुकली नाय दोन महिन्यात. का? काय झालं?"

आता मी भाषण केलं नाही. शप्पथ. खाली बसले आणि एवढंच सांगितलं, की चहा गोळीतलं लोखंड धरून ठेवतो, अंगात नीट जाऊ देत नाही. गोळी आत जाते, पण तिच्यातलं बरंचसं लोखंड न वापरताच बाहेर पडतं.

मावशींच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. दोन महिने न चुकता, स्वतःच्या हाताने, रोज. त्या उठून बाहेर गेल्या. मला वाटलं रागावल्या. परत आल्या त्या शेजारच्यांच्या झाडाची सहा लिंबं ओच्यात घेऊन.

"आंबट चालतं का याच्यासंगं?"

"चालतं म्हणजे? आंबटानं जास्त जातं आत!"

"मग जेवणावर लिंबाच्या पाण्यानं घे," त्या वहिनीला म्हणाल्या. "आणि चहा?"

"दोन तास आधी नाही, दोन तास नंतर नाही."

हिरावहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू निळं रक्त माझंच असावं. "चहा पण गेला? तू आल्यापासून माझं एकेक जातंच हाय."

"सार परत घे ना," मी म्हणाले. "ते मी चुकीचं बोलले. मॅडमनी झापलंय मला, आत्ताच फोनवर."

"सार घे म्हणते," वहिनी सासूला म्हणाली, "आणि सोता ठेचा खाते."

मावशींनी कालच्या साराचं पातेलं चुलीवर ठेवलं, खळखळून उकळलं, वाटी भरली आणि माझ्यापुढे ठेवली. तिघी बघत होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा वाटी तोंडाला लावली. आधी लसूण, मग काहीतरी गोडसर, नदीच्या ओल्या दगडाच्या वासाचं, आणि मग मिरची! डोळ्यांतून, नाकातून, सगळीकडून पाणी. मी ठसकत होते आणि मंगल पाठीत गुद्दे घालत होती.

"हिचं रक्त कोणत्या रंगाचं झालं बघा गं," वहिनी म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिलाही धाप लागली. जरा थांबली, श्वास घेतला. मग हात पुढे केला. "द्या इकडं. संपवंल ही सगळं."

दोन दिवसांनी नाशिकला परतले. डब्यात खेकडा नव्हता. मावशींनी त्याचं सार केलं होतं आणि माझी तक्रार नव्हती. व्हिडिओ होताच. मॅडमनी तो वर्गात दाखवला, सगळे "आईशप्पथ" म्हणाले. मी मात्र घाटापासून एकच विचार करत होते. खेकड्याचं हिमोसायनिन काय, गांडुळाचं हिमोग्लोबिन काय, कोण कसा ऑक्सिजन धरतो हे मला तोंडपाठ होतं. आणि माझ्या समोर दोन पावलांत धाप लागणाऱ्या बाईला मी फक्त तिचं काय चुकतं ते सांगितलं होतं. ती गोळी कशी घेते हे विचारायला मला एक अख्खा दिवस आणि एक फोन लागला.

तीन आठवड्यांनी मंगलच्या फोनवरून हिरावहिनीच बोलली. वारा घोंघावत होता, म्हणजे ती त्या कातळावर चढली होती. सातव्यातून आठव्या महिन्याकडे निघालेली बाई!

"आठ पॉइंट सहा," ती धापा टाकत म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, असंच वाढलं तर पेठलाच करू. पुढच्या महिन्यात परत बघतील."

मी इतकी ओरडले की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"सासूबाई सगळ्यांना सांगतात, खेकड्यानं वाढलं. मी काय बोलले नाय."

"नको बोलूस."

"पण ते दोन तास... एक करू का? चहाविना डोकं धरतं माझं."

"नाही. दोन."

"बरं," ती म्हणाली. "पण आता पुढच्या वेळेला ये तू. आल्यावर दोन तास चहा नाय द्यायचा तुला."