भिकीचे पाय

तलासरीकडच्या एका पाड्यावर भिकीचं घर आहे, पण भिकी घरात राहत नाही. ती अंगणात राहते. चार बांबू, वर निळं प्लास्टिक, खाली खाट. खाटेच्या उशाशी एक पालथं पातेलं, पातेल्यावर तांब्या, तांब्यावर पेला आणि पेल्यात तिरका ठेवलेला चमचा. जमीन हलली की आधी चमचा वाजतो, मग पेला, आणि तांब्या वाजेपर्यंत भिकी समोरच्या मोहाच्या झाडाखाली पोचलेली असते. तिचा नवरा हाल्या मात्र आत पंख्याखाली निवांत घोरत असतो. त्याच्या मते मरायचंच असेल तर पंख्याखाली मरावं.

धक्के सुरू झाले त्या हिवाळ्यात पाड्यावरच्या घराघरात अशी भांडी रचलेली होती. सरकारने तंबू दिले होते, माणसं थंडीत कुडकुडत बाहेर झोपत होती. मग एक पावसाळा गेला, दुसरा गेला, धक्के विरळ झाले आणि भीतीचाही माणसांना कंटाळा आला. एकेक जण आपलं अंथरूण उचलून घरात गेला. भिकी तेवढी राहिली. सहा-सात वर्षं झाली. स्वयंपाकाला आत जाते, पण दारात एक पाय ठेवूनच. पोरंटोरं तिला भूकंपवाली म्हणतात, आणि ती त्यांच्या मागे चुलीतलं लाकूड घेऊन धावते. एरवी बाई हिशेबाची, शहाणी. घोलवडच्या एका वाडीत तीस वर्षं चिकू निवडते. चिकू काढायला आला की नाही हे वरून कळत नाही, नखाने जरासा ओरखडा काढावा लागतो. आत हिरवं दिसलं तर कच्चा, पिवळसर दिसलं तर तयार. त्यासाठी भिकीने उजव्या अंगठ्याचं नख वाढवून ठेवलेलं आहे, जाडजूड आणि चिकाने काळं पडलेलं. वाडीची मालकीण रखमाबाई म्हणते, भिकीचं नख कधी खोटं बोललं नाही.

तर अशा या भिकीपुढे संकट आलं ते आनंदाचं रूप घेऊन. तिची एकुलती एक लेक निलम गरोदर राहिली. निलमचा नवरा नविन डहाणू रोड स्टेशनवर रिक्षा चालवतो, आणि त्याने सरावलीला दोन खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलंय. नविनला आई नाही. म्हणजे बाळंतपणाला भिकीनेच जाऊन राहायचं. स्लॅबखाली. दोन-तीन महिने.

"मी नाय येणार," भिकी म्हणाली. "तूच इथं ये."

"इथं कुठं येऊ? पावसात? प्लास्टिकखाली बाळंत होऊ?"

"मग जमनामावशीला सांग."

 आईला छपराची भीती वाटते हे निलमला ठाऊक होतं, साऱ्या पाड्याला ठाऊक होतं. पण खरी भीती वेगळी होती, आणि ती भिकीने आजवर देवालाही सांगितली नव्हती.

ती गोष्ट अशी. त्या हिवाळ्यातल्या एका दुपारी निलम तापाने फणफणून घरात झोपली होती. तेरा वर्षांची होती तेव्हा. भिकी चुलीपाशी तांदूळ पाखडत होती. जमिनीच्या पोटातून आधी गडगडाट आला आणि मग घर कुणी गदागदा हलवावं तसं हललं. नंतर भिकीला आठवतं ते एवढंच, की ती मोहाच्या झाडाला मिठी मारून उभी आहे, समोर घराच्या भिंतीच्या विटा कोसळताहेत, धूळ उठलीय, आणि आपले हात रिकामे आहेत. सूप नाही, लेक नाही. पायांनी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. त्यापुढचं सगळं धुळीसारखंच धूसर. भान आलं तेव्हा निलम अंगणात बसलेली होती, दंडातून रक्त येत होतं आणि शेजारणी तिला पाणी पाजत होत्या. पोरगी बाहेर कशी आली, हे भिकीने कुणालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तेव्हा आपण कुठे होतो हेही सांगावं लागलं असतं. निलमच्या दंडावर चंद्रकोरीसारखा व्रण राहिला. वीट लागली, असं भिकी सगळ्यांना सांगे. पोरीने बाह्या वर केल्या की ही दुसरीकडे बघे.

म्हणजे भिकीला स्लॅबची भीती होती, पण त्याहून जास्त स्वतःच्या पायांची होती. कुशीत तान्हं बाळ असेल, चमचा वाजेल, आणि हे पाय पुन्हा एकटेच पळतील. मग बाळ तिथंच राहील, भिंतीखाली. हे चित्र डोळ्यांपुढे आलं की ती हातातला घास ताटात परत ठेवायची.

यातून वाट काढली ती नविनच्या कुळाच्या रिवाजाने. त्यांची देवी डोंगरावर. पहिलटकरणीची ओटी सातवा महिना लागायच्या आत देवीपुढे भरायची, आणि ती तिच्या आईच्याच हाताने, गाभाऱ्यात बसून. दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. निलमने हे सांगितलं आणि शेवटी हळूच पुस्ती जोडली. "देवळात दगडाचंच छप्पर हाय, आये. हजार वर्सांचं. त्याच्याखाली बसलीस, तर माझ्या स्लॅबखाली पण बसशील." पोरगी आईचीच होती, कच्चं काय आणि तयार काय ते नेमकं ओळखणारी. ओटीला नाही म्हणणं भिकीला शक्यच नव्हतं. ती कबूल झाली आणि त्या दिवसापासून तिची भूक गेली.

मंगळवारी सकाळी नविनची रिक्षा त्यांना डोंगराच्या अर्ध्यापर्यंत घेऊन गेली. तिथून पुढे तीनशेच्या वर पायऱ्या. निलमला पाचवा लागलेला, पण ती चालली दमादमाने, मधेमधे बसत. तिच्यापेक्षा भिकीच जास्त थांबत होती. डोंगरावर काळे धोंडे होते, घराएवढाले, एकावर एक असे ठेवलेले की आता पडतील की मग, असं वाटावं. लोक त्यांच्यापुढे फोटो काढत होते. भिकी प्रत्येक धोंड्याच्या बुडाशी बघायची, खाली माती किती, फट किती, आणि तो सुटलाच तर कोणत्या पायरीवर येईल. मग निलमला दंडाला धरून पायरीच्या दुसऱ्या कडेला ओढायची.

"मामी, हे दगड माझ्या आज्याच्या आज्यापासून असेच हायत," नविन म्हणाला.

"तुझ्या आज्याच्या वेळी जमीन हलत होती का?"

 नविनने नारळाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

वर पोचल्यावर वारा अंगावर आला. पश्चिमेला घोलवडच्या चिकूच्या वाड्यांचा गर्द हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे समुद्राची रेघ. डहाणूच्या थर्मल वीजकेंद्राची चिमणी काडीएवढी दिसत होती. पूर्वेला डोंगरामागे डोंगर, जव्हारपर्यंत गेलेले, शेवटचे तर धुरकट निळे. निलम कठड्याला टेकून बघत राहिली. "तिकडं आपला पाडा असंल," ती म्हणाली. भिकीने तिकडे पाहिलं नाही. ती देऊळ बघत होती.

देऊळ लहानसंच होतं, काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं. गाभाऱ्याचं दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत जाता येऊ नये. दारावरच्या आडव्या शिळेला तडा गेलेला होता आणि तो कुणीतरी सिमेंटने बुजवला होता. भिकीला सगळ्या देवळात तेवढंच दिसलं.

"हा तडा कधीचा?" तिने पुजाऱ्याला विचारलं.

पुजारी म्हातारा होता, सुक्या नावाचा, एका डोळ्याने अधू. "तिकडं तलासरीला हलायला लागलं त्याच वर्साचा," तो सहज म्हणाला. "पन देवी हाय, पडू देत नाय." भिकीने तो तडा पुन्हा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. कुणीतरी मागे घंटा वाजवली आणि ती दचकून बाजूला सरकली.

पण ती वाकली आणि आत गेली. कशी गेली ते तिचं तिलाच ठाऊक. आत अंधार, तेलाचा वास आणि समईचा एवढासा उजेड. वर हात लावता येईल इतक्यावर दगड. घाम तिच्या मानेवरून पाठीत उतरला. देवीपुढे पितळी ताट ठेवून तिने त्यात तांदूळ, नारळ, खण आणि हिरव्या बांगड्या मांडल्या. निलम दाराशी बसली, पदर पसरून. सुक्या काहीतरी पुटपुटत होता. भिकीने पहिली ओंजळ निलमच्या ओटीत घातली, दुसरी घातली. तिसऱ्या ओंजळीला तिचा हात ताटाकडे गेला आणि थबकला.

ताटातल्या बांगड्या वाजत होत्या.

अगदी बारीक. किणकिण म्हणावी एवढीसुद्धा नाही. सुक्याला ऐकू आलं नाही, निलमलाही नाही. पण इतकी वर्षं चमच्याच्या आवाजावर झोपलेल्या बाईला ते ऐकू आलं. भिकीने तोंड उघडलं आणि तेवढ्यात डोंगराच्या पोटातून तो ओळखीचा गडगडाट आला. समई डुलली, बाहेरची घंटा आपोआप टणटणली, वरून माती तिच्या डोक्यावर पडली.

दाराशी बसलेली निलम होती तशी उठली आणि पळाली. ओटीतले तांदूळ उंबऱ्यावर सांडले. तिची पाठ दारातून दिसेनाशी झाली.

भिकी मात्र पळाली नाही. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. तिच्या पायांत जीवच उरला नव्हता. ज्या पायांची इतकी वर्षं धास्ती घेतली ते ओंडक्यासारखे तिथंच पडून राहिले. ती ताट पोटाशी धरून बसली, डोळे त्या दगडावर, आणि मनात एवढंच की पोरगी बाहेर आहे, बरं झालं. चार-पाच श्वास झाले असतील. मग बांगड्या गप्प झाल्या. घंटा आणखी एकदा वाजली आणि थांबली.

दारात निलम दिसली. ती गुडघ्यांवर येऊन वाकून आत बघत होती, एक हात पोटावर. चेहरा पांढराफटक.  भिकीला तो चेहरा लगेच ओळखू आला. इतकी वर्षं तो तिने स्वतःच्या आरशात पाहिला होता.

"आये," निलम म्हणाली, "मी तुला सोडून पळाली."

सुक्याने भिकीला हात देऊन बाहेर आणलं. नविनने पाणी दिलं आणि तो धसका बसलेल्या दुसऱ्या लोकांना बघायला पायऱ्यांकडे गेला. मायलेकी पारावर बसल्या. निलम हुंदके देत होती. तिला गप्प करायला जगात एकच गोष्ट होती, आणि ती सांगायची भिकीला मरणाची भीती वाटत होती. तिने सांगितली. खाली बघत, तुटक तुटक. चूल, सूप, मोहाचं झाड, रिकामे हात.

"तू आजारी होतीस. मी तुला तिथंच टाकून पळाली. म्हणून तुझ्याकडं येत नाय मी. स्लॅबला नाय भीत. बाळाला टाकीन, म्हणून भिते."

निलमचं रडणं थांबलं होतं.

"मी जागी होती, आये," ती म्हणाली. "तुला पळताना बघितलं मी."

भिकीने डोळे मिटून घेतले. सात वर्षं जे यायचं होतं ते आलं.

"मग तू परत आली," निलम म्हणाली.

"कोण?"

"तूच. विटा पडत होत्या तेव्हा. मला ओढत नेलंस अंगणात, आणि पुन्हा जाऊन झाडाला धरून उभी राहिलीस. मी हाका मारल्या, तुला ऐकूच येत नव्हतं. तुला ठाऊक नाय?"

"कायतरी सांगू नको. मला बरं वाटावं म्हणून सांगते तू."

निलमने बाही वर सरकवली. दंडावर ती जुनी चंद्रकोर होती. तिने आईचा उजवा हात ओढून घेतला आणि अंगठा व्रणावर टेकवला. कातडी वाढली होती, व्रण जरा पसरला होता, पण ते जाड, वाकडं, चिकाने काळं झालेलं नख त्या खाचेवर बरोबर बसलं.

"ही वीट हाय का?" निलम म्हणाली.

भिकी बराच वेळ अंगठा तिथून हलवू शकली नाही. मग ती रडली. पारावर बसून, लोकांदेखत, पदर तोंडाला न लावता. समोर ते निळे डोंगर होते आणि वारा होता.

ओटीची तिसरी ओंजळ राहिली होती. ती भरायला भिकी पुन्हा वाकून आत गेली. भीती गेली नव्हती. तडा होता तिथंच होता आणि तिची नजरही त्यावरच होती. पण ओंजळ भरून झाल्याशिवाय ती उठली नाही.

उतरताना तिने निलमचा दंड सोडला नाही. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "माझी खाट दाराजवळ टाक. आणि पेला-चमचा मी घरून आणीन, तुझा नको." निलम हो म्हणाली.

रिक्षात बसल्यावर भिकी आपला अंगठा उलटसुलट करून बघत होती. डहाणू रोड जवळ आलं तसा तिने नविनच्या खांद्याला हात लावला.

"बाजारात थांबव जरा," ती म्हणाली. "नेलकटर घ्यायचंय. बाळाला लागंल हे नख."