यमुनाआत्याचा गोल

डॉक्टर मृणाल गेल्याचं मला आमच्या गावच्या ग्रुपवरून कळलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली लगेच कुणाच्या तरी बंगल्याच्या वास्तुशांतीचं निमंत्रण. बेलापूरच्या इस्पितळात दुपारचा डबा खाता खाता हृदय बंद पडलं म्हणे. मीही लिहिलं, 'देवमाणूस गेला.' ते इतक्या सहज लिहिलं, याची सहा आठवड्यांनंतरही लाज वाटते.

स्तनांचा कॅन्सर कुठल्या घराण्यांत रक्तातून उतरतो आणि अशा बायांची कुठली शस्त्रक्रिया केली तर त्या पुढची वर्षं धड जगतात, हे डॉक्टरबाई शोधत होत्या. माझी धाकटी बहीण मंदा त्यांची पेशंट. त्यांनी घराण्याची माहिती मागितली, तेव्हा मी जासईहून ऐटीत वंशावळच घेऊन गेलो. सरकारनं जमिनी घेतल्या तेव्हा मोबदल्याच्या प्लॉटसाठी केलेली, स्टॅम्पपेपरवर, सात पिढ्यांची. बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. "मास्तर, यात बायका कुठायत? तुमचं घराणं काय नुसत्या बाप्यांनी वाढवलं?" मग कोरा कागद घेऊन त्यांनी बाप्यांना चौकोन काढले, बायांना गोल. आजार झालेलीचा गोल काळा करायचा. सगळं पेन्सिलीनं, कारण माणसं हळूहळू आठवतात, म्हणाल्या.

यमुनाआत्या मला चांगली आठवत होती. ती छातीतल्या गाठीनं गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, ओटीवर बसून तिचं कण्हणं ऐकलंय. मंदा तेव्हा पाळण्यात. तिला पुढे आत्या काविळीनं गेली असं सांगितलं गेलं. आणि बाईंनी विचारलं नेमकं त्याच महिन्यात माझ्या लेकीला, प्राजक्ताला, स्थळ आलं होतं... मुलाला महाप्याला नोकरी, स्वतःचा फ्लॅट. मी 'कावीळ' म्हणालो. गोल पांढराच राहिला. घराण्यात दुसरं कुणी नाही म्हणून मंदाची, आजार रक्तातून उतरलाय का ते बघायची, खास तपासणी झाली नाही, आणि ऑपरेशन एकाच बाजूचं झालं.

पुढे मी शाळेतून निवृत्त झालो आणि बाईंसोबत गावोगाव फिरू लागलो, कारण त्यांच्यापुढे बाया तोंड उघडत नसत. "आमचे घरान कोनाला काय नाय झाला," एवढंच. "काकी, लपवू नका, पोरींच्या जिवाचा प्रश्न हाय," असं मी उरणपर्यंत सांगत फिरलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

ऑपरेशननंतर चौथ्या वर्षी मंदाला दुसऱ्या बाजूला गाठ आली आणि त्या गाठीनं वेळच दिला नाही. तेराव्यानंतर बाई तिचा कागद घेऊन घरी आल्या. "मास्तर, कुठे चुकलं माझं? मी तपासणीचा आग्रह धरायला हवा होता." प्राजक्ता तेव्हा माहेरी आलेली, आतल्या खोलीत. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. बाईंनी तो संपवला. परवा बाईंच्या शोकसभेत त्यांचे वरिष्ठ म्हणाले, एका पेशंटची खंत त्यांना शेवटपर्यंत होती. मी नीच माणूस, तिथंही मान डोलावली.

तो कागद आणि पेन्सिलीचा तुकडा त्या दिवशी त्या आमच्याकडेच ठेवून गेल्या होत्या. कागद प्लॉटच्या फायलीत पडून होता. काल काढला आणि यमुनाआत्याचा गोल काळा केला. मंदाचा होताच. माझ्या चौकोनाखाली प्राजक्ताचा गोल पांढरा, आणि त्याखाली तिच्या लेकीचा काढायला जागा. प्राजक्ताला बोलावून सगळं सांगितलं. तिनं कागद हातात घेतला.

"बाबा, हे डॉक्टरांना कधी सांगितलंत?"

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिनं तो घेतला नाही.