मामांचं कथलाचं औषध

आमच्या मामांचं जगातल्या प्रत्येक पदार्थावर प्रेम होतं. फक्त त्यात दुसरं काही मिसळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कुंभकोणच्या कॉलेजात ते रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर. साहेब प्रिन्सिपॉल दारात दिसला की रिकामी परीक्षानळीसुद्धा ते अत्यंत गंभीरपणे हलवत. मेलकावेरीच्या घरी न्हाणीघरामागे त्यांची खासगी प्रयोगशाळा होती. तिथं त्यांनी कथलाला एथिलची जोड देऊन एक द्रव तयार केला. तो रंगहीन होता, पाण्यात विरघळत नसे, स्पिरिटमध्ये चटकन विरघळे आणि हुंगला की डोळ्यांत मोहरी गेल्यासारखं होई. एका थेंबात वाळवी आडवी होई. तो करताना मामांचं डोकं दोन दिवस ठणकलं. तेही त्यांनी वहीत 'गुणधर्म' म्हणूनच लिहून ठेवलं.

"मामा, विषारी दिसतंय हो हे," मी म्हणालो.

"कथील आणि विषारी? अरे, पिढ्यान् पिढ्या आपण कथलाच्या चंबूत सार उकळून पितो. कोण मेलं? कथील म्हणजे घरचं माणूस!"

पुढं त्यांच्या लेकीच्या पहिल्या बाळाचं बारसं ठरलं. माळ्यावरच्या पाळण्याला कीड लागली होती. मामांनी त्याला आतून-बाहेरून औषधाचे दोन हात दिले, पाळणा बाळंतिणीच्या खोलीत नेऊन ठेवला आणि गोविंदपुरम्‌ला भजनाला जाऊन ही बातमी, टाळ थांबवून, सगळ्यांना सांगितली.

दुसऱ्या दिवशी बारसं. मामी दुपटं अंथरायला वाकल्या आणि डोळे चोळत मागं सरल्या. पाळण्याखाली मेलेल्या किड्यांचा सडा पडला होता.

"अय्यो! अहो, चंबूतल्या सारानं कधी एक मुंगी तरी मेली का?"

मामांनी लेकीला आणि बाळाला ओसरीवर आणलं, खोलीच्या खिडक्या उघडल्या, पाळणा एकट्यानं उचलून परसाच्या टोकाला, विहिरीपासून लांब नेला. मग मामींचं जुनं लुगडं ओसरीच्या तुळईला बांधून झोळी केली. बायकांनी त्यातच बाळाचं नाव ठेवलं.

पाहुणे जेवून गेले तरी मामा झोळीपाशीच बसून होते.

"अप्पा, झोपलाय तो. या ना जेवायला," लेक म्हणाली.

"थांब ग," मामा म्हणाले. "श्वास मोजतोय."

इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.