देवाचा नेम, दाजींचा नेम

शाळेत तिसरा तास चालू होता. फळ्यावर त्रैराशिकाचं उदाहरण अर्धं लिहून झालं होतं आणि दारात आमच्या गावचा किसन येऊन उभा राहिला. किसन शेवगावाहून सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं नगरला येतो तो बाजारासाठी, शाळेची पायरी तो कधी चढत नाही. त्यानं राम राम घातला नाही, नुसता खाली बघत राहिला, तेव्हाच काहीतरी वाईट घडल्याचं मी ओळखलं. "मास्तर, पाळकसाहेब गेले," तो म्हणाला, "काल सांजच्याला. तुमाला न्यायला आलोय." मी खडू खाली ठेवला. ते उदाहरण मुलांनी पुढं सोडवलं की नाही, मला अजून माहीत नाही.

त्याच्या पंधरा दिवस आधीच मी गावी गेलो होतो. पाळकसाहेब, म्हणजे माझे दाजी, तापानं अंथरुणाला खिळले होते आणि डॉक्टरला दाखवायला चला म्हणून मी त्यांच्या मागं लागलो होतो. सवयीनं टोमणाही मारला. म्हटलं, "जायचा दिवस देवानं आधीच नेमलाय म्हणून खाटेवर पडून राहणार का?" दाजी हसले. हसताना त्यांना धाप लागली. "मास्तर, दिस त्यानं नेमलाय. पन टांगा त्यो सांगत न्हाई, त्यो आपल्यालाच सांगाया लागतो. सांगा टांगा." टांगा सांगितला, शेवगावच्या डॉक्टरांना दाखवलं, दोन दिवस उतारही पडला... आणि मग ताप पुन्हा चढला तो उतरलाच नाही. आता त्यांना जाऊन महिना होत आला. तो टांग्याचा विनोद मला एकट्यालाच आठवतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शेवगावपासून तीन कोसांवर आमचं गाव आहे. तिथल्या तीस-पस्तीस ख्रिस्ती घरांचे ते पंचवीस वर्षं पाळक होते. रविवारी उपासना चालवायची, लग्नं लावायची, माणसं पुरायची आणि मधल्या दिवसांत मुलांना अक्षरओळख शिकवायची, असं त्यांचं काम. ख्रिस्ती धर्मात एक जुना वाद आहे. पाळकांच्या शाळेत त्याला पूर्वनियोजन असं भारदस्त नाव आहे. देवानं जग घडवायच्या आधीच कोणाला आपलं म्हणायचं आणि कोणाचं काय व्हायचं, हे ठरवून ठेवलं आहे, असं एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, देवानं माणसाला इच्छा दिली आहे आणि निवड माणसाची. दाजी पहिल्या पक्षाचे. 'पूर्वनियोजन' हा शब्द गावात कोणाच्या तोंडात बसणार? त्यांनी त्याचा सुटसुटीत 'नेम' करून टाकला. विहिरीला पाणी लागलं, देवाचा नेम. कोणाची पोर उजवली, देवाचा नेम. मी अर्थातच उलट्या पक्षाचा. सगळं आधीच ठरलं असेल तर पापाचा जाब देव कोणत्या तोंडानं विचारणार, असं मी त्यांना जेवताना, चालताना, मोट हाकताना विचारत असे. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण तर मी त्यांना इतक्या वेळा ऐकवली की अक्का मला ताटावरून उठवायला निघायची. गंमत अशी, की खाटल्यावर बसणारा मी होतो. दाजी पहाटेपासून राबायचे. कोणाचं छप्पर उडालं की शिडी घेऊन हे पहिले हजर.

एकदाच त्यांनी मला सरळ उत्तर दिलं. ते नऊ वर्षांचे असताना तापाची साथ आली आणि आठवड्यात आईबाप दोघं गेले. मागं राहिले दोन भाऊ. अनाथ मुलं गोळा करत मिशनची बैलगाडी गावात आली, तिच्यात जागा होती एकाची. गाडीवानानं धाकट्याचा, म्हणजे दाजींचा, हात धरून वर ओढलं. गाडी आठ दिवसांनी थोरल्याला न्यायला परत आली, तेव्हा थोरला नव्हता. "मी चाकाजवळ हुतो, मास्तर," दाजी म्हणाले. "एवढंच. दादा माज्यापरीस हुशार, माज्यापरीस गुनाचा. चाकाजवळ हुतो म्हनून मी जिता, आसं म्हनलं तर याड लागंल मला. कोनीतरी आधी ठरवलं आसंल, तरच झोप येती." त्या दिवशी मी वाद तिथंच सोडला. पण वादाची खोड काही गेली नाही.

अक्काला तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. एक अकरा दिवसांचं, एक महिन्याचं, एक जन्मतःच. बाबा गेल्यापासून आमची आई अक्काकडेच असते, त्यामुळे तिन्ही नातवंडं तिच्या मांडीवरून गेली. तिसऱ्या वेळी मी तिथं होतो. दाजी स्वतःच्या हातानं माती लोटून आले, ओट्यावर बसले आणि आईला म्हणाले, "देवाचा नेम हुता, आई."  आईनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि ती आत गेली. मला वाटलं, दुःखानं गप्प झाली. कसलं काय... मी शिकलेला माणूस, मला तेवढंच कळलं.

चौथ्या वेळी मुलगी झाली. लढाईचे आणि रेशनचे दिवस होते, मी रॉकेलची बाटली आणि साखरेची पुडी घेऊन गावी गेलो. बाळ सहा दिवसांचं झालं त्या सकाळी मंडळीचे, म्हणजे गावच्या ख्रिस्ती समाजाचे, पंच दगडूबा यांची बायको बाळाला बघायला आली. दुपटं सारखं करताना तिच्या हाताला उशाखाली काहीतरी लागलं. काढून बघते तो एक कोरा कागद आणि बोरू! बाहेरच्या वाचकांना एवढ्यावरून कळायचं नाही, पण आमच्याकडच्या कोणत्याही हिंदू घरात विचारा. पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, तिच्यासाठी कागद-लेखणी ठेवतात. आमच्या आईचा बाप्तिस्मा होऊन चाळीस वर्षं झाली होती. आणि पाळकाच्याच घरात, पाळकाच्याच सासूनं सटवाईला बोरू तासून ठेवला होता.

दुपारपर्यंत गाव गोळा झालं. दगडूबा पंच म्हणजे सरळ माणूस, पण सरळ म्हणजे पहारीसारखा. ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, "पाळकसाहेब, दुसऱ्या कोनाच्या घरी आसं घडलं असतं, तर तुमी काय केलं असतं? तेच करा." म्हणजे आईला प्रभुभोजनातून बाहेर ठेवायचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी मंडळी एका भाकरीचा तुकडा मोडून खातात, प्रभूच्या देहाची खूण म्हणून. त्यातून माणूस वगळणं म्हणजे त्याला घराबाहेर उभं करणं. वर आमच्या गावात नगरचा पाव मिळत नसे, म्हणून त्या दिवशीची ती भाकर इतकी वर्षं आईच भाजत आली होती. दाजी म्हणाले, "रविवारपत्तूर थांबा."

आणि मी काय केलं? लाज वाटते सांगायला, पण ज्या दाजींसाठी हा लेख लिहितोय त्यांच्याशी खोटं बोलवत नाही. मी वाद घातला. म्हटलं, "दाजी, आईला बोल लावू नका. तुमचा देव आधीच लिहून ठेवतो आणि तिची सटवाईसुद्धा. फरक काय राहिला? सटवाई निदान पाचव्या दिवसापर्यंत थांबते!"  दाजी उठले, चुलीपुढं बसलेल्या आईसमोर जाऊन जमिनीवर बसले. मी दारात होतो.

"आई, का ठिवला कागद?"

आईनं हातातली फुंकणी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमीच म्हनला हुता न्हवं, जावाईबापू. देवाचा नेम हुता म्हनून."

"मग?"

"मग काय? नेम म्या वळखत न्हाई व्हय? उभा जलम माळ्यावर बसून जुंधळा राखला. गोफनीनं नेम धरला की पाखरू सुटत न्हवतं माज्या हातनं. तीन लेकरं एकामागं एक टिपली तुमच्या देवानं. चौथ्यावर बी नेम धरून बसला आसंल, तर म्या काय करावं? म्हनलं, दुसरी कोनी तरी काई तरी येगळं लिवंल... तिच्या हाता-पाया पडले. एवढंच. देव सोडला न्हाई म्या. भ्याले त्याला."

चुलीतलं लाकूड सरकलं, ते कोणी मागं लोटलं नाही. वीस वर्षं दाजी जो शब्द देवाच्या मायेचा म्हणून वाटत होते, तो या म्हातारीच्या कानात दगड होऊन पडला होता. दाजी म्हणाले, "आई, माजा देव गोफन घिऊन माळ्यावर बसलेला न्हाई."

"मग पोरं का गेली?"

दाजींनी तोंड उघडलं. माझी खात्री होती की आता शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, आधार येणार. "ठावं न्हाई," ते म्हणाले. "आई, मला ठावं न्हाई." मी त्यांना वीस वर्षं ओळखत होतो. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो. आईनं पदरानं डोळे टिपले आणि त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

त्या रविवारी उपासनेला उभं राहायला जागा नव्हती. हिंदू शेजारीसुद्धा खिडकीशी येऊन थांबले होते. आई शेवटी, दारालगत बसली होती, तिच्या मांडीवर बाळ. दाजी उभे राहिले. शास्त्रातून त्यांनी तो कागद काढला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. एरवी ते उपदेश पुस्तकी मराठीत करत, त्या दिवशी घरच्याच बोलीत बोलले. "बघा. कोरा हाय. सटवाईनं काई लिवलं न्हाई, अन् देवानं काय लिवलंय ते मला वाचता येत न्हाई. वाचता येतं आसं मी तुमाला वीस वरसं सांगत आलो. माज्या एका शब्दानं ही म्हातारी देवाला भ्याली, म्हनून तिनं ह्यो कागद ठिवला. दोष माजा हाय. पंचांनी तिला भाहेर ठिवायचं ठरवलंय, मंडळीचा ठराव मी मोडनार न्हाई. पन ती भाहेर, तवर मी बी भाहेर."

मग त्यांनी आईनं भाजलेली ती भाकर मोडली. एकेकाच्या हातावर तुकडा ठेवला, दगडूबांच्याही ठेवला. स्वतः खाल्ला नाही. चालत मागं गेले आणि दाराशी, सासूशेजारी, जमिनीवर बसले. माझा तुकडा माझ्या हातातच राहिला. मी आयुष्यभर माणसाच्या इच्छेची वकिली करत आलो, पण एखाद्या माणसानं इच्छा वापरलेली मी तोवर पाहिली नव्हती.

असे सहा महिने गेले. दर पहिल्या रविवारी दाजी सगळ्यांना भाकर द्यायचे आणि उपाशी माणसासारखे मागं जाऊन बसायचे. भाकर मात्र आईच भाजत होती, हे पंचांच्या लक्षात आलं नाही किंवा येऊ द्यायचं नव्हतं. नाताळाच्या उपासनेत भाकर मोडली गेली आणि दगडूबांनी हात पुढं केलाच नाही. ते खाली मान घालून म्हणाले, "पाळकसाहेब, आधी त्यास्नी द्या." दाजींनी पहिला तुकडा उचलला, सगळ्या रांगा ओलांडून दाराशी नेला, आईच्या हातावर ठेवला आणि तिथंच स्वतःही खाल्ला. त्या दिवसापासून ते कधी पुढून सुरुवात करत नसत. पहिला तुकडा दाराशी जायचा.

त्या नाताळात मी त्यांना शेवटचं छेडलं. म्हटलं, "आता सांगा, हे तुम्ही ठरवलंत की आधीच ठरलं होतं?" मला वाटलं हसतील. त्यांनी हातातलं शास्त्र मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मास्तर, गाडीवानानं हाताला धरून वर वढलं, तेवढंच मला आठवायचं. त्या रविवारी उभा ऱ्हायलो, अन् आठवलं... खालनं कोनीतरी ढकलत बी हुतं. दादा हुता." पुढं आम्ही कधी वाद घातला नाही.

परवाच्या रविवारी मी गावी होतो. दाजींचं शास्त्र अक्कानं मला दिलं, त्यात तो कागद होता, घड्यांवर फाटायला आलेला आणि अजून कोरा. पाच वर्षांची कृपा, तीच ती मुलगी, माझं बोट धरून उपासनेला आली. नगरहून आलेले नवे पाळक तरुण आणि नीटनेटके आहेत, त्यांना इथलं काही ठाऊक नाही. त्यांनी भाकर मोडली आणि पहिला तुकडा पुढच्या रांगेत, रिवाजाप्रमाणं दगडूबा पंचांपुढं धरला. दगडूबा घेईनात. मागं दाराशी आईनं हात पसरलेलाच होता. तिला आता नीट दिसत नाही, कोण उभं आहे आणि कोण नाही.

"साहेब," दगडूबा उठून म्हणाले, "पहिला तुकडा मागं जातो. हितं तसा नेम हाय."